किनाटाने परत केलेली पकड

मला सगळे चीफ म्हणतात. हा माझा नेव्हीतला हुद्दा, अधिकाऱ्यांच्या खालचा. नेव्हीतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी म्हणतात. सॅन डिएगोच्या टेकडीवरच्या हॉस्पिटलात हाडांच्या ऑपरेशनची सगळी हत्यारं माझ्या ताब्यात असतात. कुठल्या सर्जनला कुठली छिन्नी लागते, कोणाला हातोडी जड हवी, कोण रक्त दिसलं की कापूस मागण्याआधी शिवी हासडतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी सर्जनने मागितलेलं देत नाही, त्याला लागणार असेल ते देतो. चौदा वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकही हत्यार कोणी परत केलं नव्हतं. ही फुशारकी नाही. बरं, आहे फुशारकी, पण पुढची गोष्ट कळायला ती लागते.

दर वर्षी उन्हाळा सरता सरता मेडिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं आमच्याकडे चार-चार आठवड्यांसाठी येतात. आम्ही त्याला सरळ ऑडिशन म्हणतो, कारण सर्जन व्हायच्या पाच वर्षांच्या ट्रेनिंगला कोणाला घ्यायचं ते यावरून ठरतं. बाहेरच्या विद्यार्थ्यांचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि त्यांना देशभरची हॉस्पिटलं मोकळी असतात. ज्यांना नेव्हीने शिकवलं त्यांचा निकाल डिसेंबरातच लागतो, आणि दारं मोजून दोन-तीन. त्या वर्षी आमच्याकडे हाडांच्या सर्जरीच्या जागा चार होत्या आणि ऑडिशनला आले होते अकरा. ज्याचा नंबर लागत नाही त्याने वर्षभर इंटर्नशिप करायची, मग दोन-तीन वर्षं एखाद्या जहाजावर खलाशांचे सर्दी-पडसे बघायचे आणि परत येऊन पुन्हा अर्ज करायचा. पंचविशीतल्या मुलाला हे परवडतं. डोरीन किनाटा चौतीस वर्षांची होती.

किनाटा पॅसिफिकमधल्या गुआम बेटाची, उमाटॅक गावची. अठराव्या वर्षी नेव्हीत भरती झाली, विसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आली. डॉक्टर म्हणून नव्हे, टेक म्हणून. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून सर्जनच्या हातात हत्यार देणारी. सहा वर्षं तिने हे काम केलं आणि मी शिकवलेल्यांत तिच्याइतकं चांगलं कोणी केलं नाही. एकदा ट्रे धुताना ती म्हणाली होती, "चीफ, डॉक्टर पुढे काय करणार ते मला त्यांच्याआधी कळतं. मग मीच का करू नये?"

मी हसलो होतो. तिने नेव्ही सोडली, कॉलेज केलं, परत नेव्हीच्याच पैशावर मेडिकलला गेली, आणि त्या हसण्याची मला लाज वाटत राहिली.

सप्टेंबरात ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या खांद्यावर अधिकाऱ्याची पट्टी होती. मी खुर्चीतून उठलो. ती म्हणाली, "चीफ, उठू नका हो, मला कसंतरी होतं," आणि वडीलधाऱ्यांना मान द्यायच्या गुआमच्या रिवाजाने वाकून माझा हात नाकाला लावला. नंतर सवयीने सिंकमधला ट्रे उचलला आणि धुवायला घेतला. मला बरं वाटलं. मूर्ख मी, मला तेव्हा बरं वाटलं.

पहिला आठवडा सगळीकडे तिचंच कौतुक. विद्यार्थ्याने टेबलाच्या सर्जनच्या बाजूला उभं राहायचं, सांगितलं तर मांस ओढून धरायचं, विचारलं तर उत्तर द्यायचं. किनाटा तिथेच सुरुवात करायची, पण दहा मिनिटांत सरकत सरकत ट्रेच्या बाजूला आलेली असायची. टेकच्या आधी धागा ओवायची, कापूस मोजायची, वायर गुंडाळायची. माझ्या पोरी खूश, कारण त्यांचं अर्धं काम आपोआप होत होतं. डॉक्टर आत आले की ही उठून उभी. काही चुकलं की हिचंच "सॉरी मॅडम", मग चूक कोणाची का असेना.

त्या शुक्रवारी आमच्या मुख्य सर्जन, कॅप्टन ब्रँडवोल्ड, हात पुसत माझ्या खिडकीशी आल्या. उंच बाई, मोजून बोलणारी. चौघांची निवड करणाऱ्या मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असतो.

"चीफ, ती किनाटा तुमच्याच हाताखालची जुनी ना?"

"हो मॅडम."

"अशी टेक मिळायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बाईंनी मनापासून स्तुती केली होती, आणि त्याच स्तुतीने त्या मुलीचं नाव यादीतून खोडलं जाणार होतं. त्यांना टेक नको होती. टेक त्यांच्याकडे मी धरून सहा होत्या.

दुसऱ्या आठवड्यात जे झालं ते मी काचेतून पाहिलं. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. किनाटाच्या शेजारी प्रेस्कॉट नावाचा मुलगा, तोही ऑडिशनचाच. कॉलेजात होड्या वल्हवलेला, खांदे दारात न मावणारे, स्वभावाने गोड. ब्रँडवोल्ड बाईंनी सुरी हातात घेतली, थांबल्या आणि किनाटापुढे धरली. "घे. तू काप."

विद्यार्थ्याला असा क्षण चार आठवड्यांत एकदा मिळतो, कधी मिळतही नाही. किनाटाने सुरी घेतली, पात्यावरून कापूस फिरवला, सुरी उलटी केली आणि मुठीची बाजू पुढे करून बाईंच्या तळहातात अलगद परत ठेवली.

थिएटरमध्ये सगळे हसले. वाईट हसले असं नाही. प्रेस्कॉट म्हणाला, "मॅडम, ही इतकी नम्र आहे की उद्या पेशंटला उठवून स्वतः टेबलावर झोपेल." किनाटाही हसली, मास्कच्या वर दिसतं तेवढं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुरी प्रेस्कॉटला दिली, आणि त्याने छान कापलं.

दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि ट्रे धुवायला लागली.

"ठेव तो खाली," मी म्हणालो.

"एवढा संपवते चीफ."

"खाली ठेव म्हटलं ना. तुला काय वाटतं, ट्रे स्वच्छ बघून जागा देतात इथे?"

तिने ट्रे ठेवला. "मला कळलंच नाही चीफ. हाताने आपोआप केलं. मी बघत होते आणि हात परत देत होता."

"चार वर्षं मेडिकल शिकलीस आणि हात अजून नोकरीवरच आहे तुझा."

"तुम्हीच लावलीत ना सवय?" ती पहिल्यांदाच माझ्यावर चढून बोलली. "सुरी आली की मूठ पुढे. विसाव्या वर्षी सुरीची मूठ दोन अंश वाकडी आली म्हणून तुम्ही माझ्याकडून पाचशे वेळा करून घेतलं होतं. आठवतंय?"

आठवत होतं. पाचशे नव्हे, सहाशे वेळा. मी खुर्चीत बसलो. राग तिच्यावर नव्हताच मुळी. ज्या सवयीचं मी चौदा वर्षं कौतुक करत आलो होतो, तीच तिच्या मानगुटीवर बसली होती, आणि ती बसवली होती मी.

"अजून किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"सोळा."

"उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत इथे यायचं. डबा न आणता."

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या नॅशनल सिटीतल्या आमच्या नेहमीच्या फिलिपिनो खाटकाकडून डुकराच्या तंगड्या आणल्या. धुण्याच्या टेबलावर एक तंगडी, एका बाजूला ट्रे घेऊन मी, दुसऱ्या बाजूला ती. नियम एकच: तिने काही द्यायचं नाही. हात पुढे करायचा, उघडा, तळवा वर. तोंडाने नाव घ्यायचं. नजर जखमेवरून हलवायची नाही. हातात काही पडेपर्यंत थांबायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी तिचा हात दोन सेकंदांपलीकडे पुढे राहिना. मी मुद्दाम उशीर करायचो आणि ती स्वतःच ट्रेकडे हात घालायची. मी चिमट्याने तिच्या बोटांवर टिचकी मारायचो.

"घरात पाहुणी आली आहेस असं समज. पाहुणे स्वयंपाकघरात जात नाहीत."

"आमच्यात जातात, चीफ."

"मग आमच्यातली पाहुणी हो."

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "हात पुढे धरून थांबलं की नेमकं काय होतं तुला?"

"लाज वाटते," ती म्हणाली. "उभं राहायचं आणि दुसऱ्याने आणून द्यायचं. मी कोण लागून गेले असं वाटतं."

"बाबा कसे आहेत तुझे?" मी विचारलं. तिच्या बाबांचा घोटा ती लहान असताना मोडला होता. तेव्हा बेटावर तो बसवणारं कोणी मिळालं नाही, विमानाने होनोलुलूला नेईपर्यंत हाड वाकडं जुळून गेलं. ते आजही एका बाजूला कलून चालतात.

"चालतात तसेच."

"त्या घोट्यापाशी कोणी लाजत उभं राहिलेलं चाललं असतं का?"

तिने हात पुढे केला, तळवा वर, आणि म्हणाली, "सुरी." मी मनात वीस आकडे मोजले. हात तसाच राहिला.

रविवारी तिच्या आत्याकडे, स्प्रिंग व्हॅलीला, मला जेवायला बोलावलं होतं. बर्निस आत्या म्हणजे दीडशे किलो माया आणि तितकाच आवाज. अंगणात कोंबडी भाजत होती, लाल भाताचं पातेलं होतं, लिंबू-नारळात कालवलेली कोंबडी होती, आणि किनाटा चौदा माणसांना वाढत फिरत होती. तिची स्वतःची ताटली कोरडी.

"आत्या, आज हिला बसवा," मी म्हणालो. "औषध आहे तिचं."

"हिला? ही बसली की हिचे पाय दुखतात."

"दुखू देत."

मी कारण सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं, डाव किनाटाच्या हातातून काढून घेतला आणि तिला खुर्चीवर दाबून बसवलं. "डॉक्टर व्हायचंय ना? मग माग. काय हवं?"

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत की. काय हवं?"

किनाटा कानापर्यंत लाल झाली. मग तिने ताटली पुढे धरली आणि म्हणाली, "भात. आणि कोंबडीचं मांडीचं पीस, पाठीचं नको." सगळं अंगण हसलं, पण आत्याने गंभीरपणे मांडीचं पीस शोधून वाढलं. किनाटाने त्या दिवशी पाच वेळा मागितलं. पाचव्यांदा तिचा आवाज साधा होता.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार. एका मरीन सैनिकाचा घोटा ट्रकवरून उतरताना मोडला होता, तिरकी मोड. त्या दिवशी थिएटरमधली टेक रजेवर होती म्हणून मीच हात धुवून ट्रेशी उभा राहिलो. खरं सांगायचं तर ती रजा मीच तिला देऊ केली होती.

ब्रँडवोल्ड बाई सर्जनच्या जागी होत्या, किनाटा समोर. बाईंनी जागेवर खूण केली आणि एक पाऊल मागे सरकल्या. या वेळी त्यांनी सुरी पुढे धरलीच नाही. नुसतं म्हणाल्या, "किनाटा."

तिने बाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. पायाकडे बघत तळवा वर करून हात पुढे केला. "सुरी."

मी सुरी ठेवली. तिने कापलं, सरळ, एका दमात, हाडापर्यंत जायला हवं तेवढंच. बाईंनी सुरी परत मागितली नाही. किनाटा पुढे जात राहिली. मांस बाजूला केलं, हाडाची दोन टोकं दिसली. ती जुळवून पकडीत धरायची होती म्हणजे मग धातूची पट्टी बसवता येते.

"पकड," ती म्हणाली. "टोकदार."

माझ्या ट्रेवर दोन पकडी होत्या. एक टोकदार, एक दातेरी. ब्रँडवोल्ड बाईंना घोट्याला दातेरी आवडते. चौदा वर्षं मी त्यांना घोट्याला दातेरी देत आलो. माझा हात गेला, दातेरी उचलली आणि किनाटाच्या तळव्यात ठेवली. मी विचारही केला नाही.

तिने पकड डोळ्यांसमोर आणली, आणि माझ्याकडे परत धरली.

"ही नाही, चीफ. मी टोकदार मागितली."

भूल देणाऱ्या डॉक्टरने मान वर केली. माझ्या कानशिलात कोणी लगावल्यासारखं झालं मला. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि जिला सुरी धरायला शिकवली तिने माझं हत्यार परत केलं होतं, तेही भर थिएटरात.

"मॅडम घोट्याला दातेरी वापरतात," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"माहीत आहे, चीफ. पण हाड इथे पातळ आहे, दात लागले तर आवरण सोलून निघेल." हात तसाच उघडा, पुढे. आवाज वर गेला नाही, "सॉरी" म्हणाली नाही. "टोकदार."

मी बाईंकडे पाहिलं. बाई किनाटाच्या हाताकडे पाहत होत्या. मी टोकदार पकड उचलली, मूठ दोन अंशही वाकडी होऊ न देता तिच्या तळव्यात ठेवली. तिने हाड जुळवलं. एक्स-रेच्या पडद्यावर भेगेची रेघसुद्धा दिसेना.

संध्याकाळी ती निरोप घ्यायला आली. बोलताना अडखळत होती. "चीफ, मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"माफी मागितलीस तर आत्याला फोन करेन," मी म्हणालो.

तिने माझा हात नाकाला लावला आणि तिच्या कॉलेजला परत गेली. मी बराच वेळ ती दातेरी पकड पुसत बसलो होतो. अपमान झाला होता आणि आनंदही झाला होता, आणि यातलं कुठलं जास्त हे मला आजही ठरवता येत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, मंडळ बसायच्या आदल्या दिवशी, ब्रँडवोल्ड बाई माझ्या खिडकीशी आल्या. त्यांच्या हातात फाइल होती.

"एक विचारायचं होतं, चीफ. खरं सांगा. त्या दिवशी दातेरी तुम्ही मुद्दाम दिलीत ना? तिची परीक्षा म्हणून?"

हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हटलं असतं तर माझा चौदा वर्षांचा हिशेब कोरा राहिला असता, आणि तिचं परत करणं हा दोघांनी मिळून बसवलेला खेळ ठरला असता.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "चूक होती. मी तुम्हाला दिली, तिला नाही. तिने काय मागितलं ते मी ऐकलंच नव्हतं."

बाई म्हणाल्या, "चीफ, मलाही घोट्याला टोकदारच आवडते. पहिल्या वर्षी तुम्ही दातेरी दिलीत. मी नवीन होते, बोलले नाही. मग तीच सवय झाली." त्यांनी फाइल काखेत मारली. "चौदा वर्षांत मी तुमचं एकही हत्यार परत करू शकले नाही." आणि त्या गेल्या.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. बायको विचारत होती काय झालं, आणि कुठून सांगायला सुरुवात करावी हे मला सुचत नव्हतं.

डिसेंबरात, बुधवारी, सकाळी साडेदहाला फोन आला.

"चीफ, बसलात का उभे आहात?"

"मी कधी बसतो?"

"आज बसा."

मी बसलो. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मग रडणं. मी म्हणालो, "पोरी, जहाज असेल तर जहाज. तीन वर्षांनी मी इथेच आहे, तंगड्याही मिळतात."

"जहाज नाही, चीफ," ती म्हणाली. "तुमच्याकडे. सरळ पाच वर्षं."

मी म्हणालो, "बाबांना सांगितलंस?"

"ते झोपलेत. तिकडे अजून पहाट व्हायचीय. आधी तुम्हाला केला."

बाकीच्या तीन जागांत प्रेस्कॉटचं नाव नव्हतं. तो पुढे मरीन लोकांबरोबर वाळवंटात गेला, दोन वर्षांनी परत आला आणि त्याचाही नंबर लागला. गोड मुलगा आहे, हसतो मात्र अजून मोठ्याने.

जुलैच्या पहिल्या सोमवारी किनाटा माझ्या दारात उभी राहिली, या वेळी डॉक्टर म्हणून. मी उठलो. "उठू नका हो" वगैरे काही ती म्हणाली नाही. मला उभं राहू दिलं, मग वाकून हात नाकाला लावला. सिंकमध्ये दोन ट्रे पडले होते. तिने ते पाहिले आणि तिथेच राहू दिले.

"साडेसातला घोटा आहे, चीफ," ती म्हणाली. "ब्रँडवोल्ड मॅडमबरोबर. मला टोकदार पकड लागेल."

मी ट्रेवरचं कापड बाजूला केलं. टोकदार पकड मी आधीच काढून ठेवली होती. दोन काढल्या होत्या, एक तिच्यासाठी आणि एक बाईंसाठी.